बिल्ला कानात आहे, पण नोंद कुणाच्या नावावर? सोलापूरच्या पशुपालकांसाठी इअर टॅगची सगळी प्रक्रिया

जनावर घेताना आपल्याकडे आधी दात बघतात. आदत (कायमचे दात न आलेलं) आहे, दुदाती (दोन कायमचे दात आलेलं) आहे की जुळलंय (सगळे दात आलेलं) हे तोंड उघडून ठरतं. मग कास, मग चाल, मग पाठीवर थाप. सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात हा क्रम कुणी कुणाला शिकवत नाही. २०२४ पासून त्यात कानाची भर पडली आहे. कानात पिवळा बिल्ला नसेल तर व्यवहार अडतो, हे आता बहुतेकांना माहीत आहे. मात्र त्या प्लॅस्टिकच्या तुकड्याला स्वतःची किंमत काहीच नाही, हे तितकंसं पोचलेलं नाही. किंमत असते ती त्यावरच्या बारा आकड्यांमागे संगणकात असलेल्या नोंदीला. कानात बिल्ला आहे, पण नोंद तीन मालकांपूर्वीच्या माणसाच्या नावावर, मोबाइल नंबर बंद पडलेला आणि जात भलतीच लिहिलेली, अशा जनावराचे कागद ऐन गरजेच्या वेळी अडतात. म्हणून या लेखात बिल्ला मारण्यापेक्षा नोंदीवर जास्त लिहिलं आहे.

नियम काय सांगतो

बिल्ल्यावर बारा आकडी क्रमांक आणि बारकोड असतो. हा क्रमांक देशात दुसऱ्या कुठल्याही जनावराला मिळत नाही, म्हणून त्याला ‘पशू आधार’ म्हणतात. सुरुवातीला या नोंदी राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने तयार केलेल्या ‘इनाफ’ प्रणालीवर व्हायच्या. आता त्या ‘भारत पशुधन’ प्रणालीवर होतात. पंतप्रधानांनी २ मार्च २०२४ रोजी बिहारमधल्या बेगुसराय इथे ती देशाला अर्पण केली आणि पशुपालकांसाठीचं ‘१९६२ फार्मर्स’ हे मोबाइल ॲपही त्याच वेळी आलं.

बिल्ल्यांना खरा वेग त्याआधी मिळाला होता. सप्टेंबर २०१९ मध्ये लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस (संसर्गजन्य गर्भपात) या रोगांविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. कोट्यवधी जनावरांना दर सहा महिन्यांनी लस द्यायची तर कुणाला दिली आणि कोण राहिलं हे कळायला ओळख हवीच. म्हणजे बिल्ल्याचं मूळ लसीकरणात आहे, करवसुलीत नाही. ‘सरकार जनावरं मोजून घेतंय, उद्या पट्टी लावेल’ असं पारावर बोललं जातं, त्यात तथ्य नाही. मोजणी ही पशुगणना करते. एकविसावी पशुगणना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली आणि तिचा बिल्ल्याशी संबंध नाही.

महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून बिल्ला बंधनकारक आहे. बिल्ला नसलेल्या जनावराची बाजार समितीत, आठवडी बाजारात किंवा गावातल्या गावात खरेदी-विक्री करता येत नाही. सरकारी दवाखान्यातली सेवा मिळत नाही. नैसर्गिक आपत्ती, विजेचा धक्का किंवा वन्य प्राण्याच्या हल्ल्यात जनावर गेलं तर भरपाई मिळत नाही. ग्रामपंचायतीने विक्रीचा किंवा मालकी बदलाचा दाखला देताना त्यावर टॅग क्रमांक लिहायचा असतो. याला २००९ च्या प्राण्यांमधील सांसर्गिक रोग प्रतिबंध कायद्याचा आधार आहे. लस टोचलेल्या जनावराला डाग देऊन, गोंदून किंवा कानात बिल्ला मारून खूण करता येते, असं तो कायदा सांगतो. डागणं आणि गोंदणं यांच्या शेजारी बिल्ला ठेवून बघा, यातल्या त्यात जनावराला सोसवेल असा तोच आहे.

पहिली पायरी : बिल्ला मारण्याआधी घरात बसून ठरवायच्या गोष्टी

बिल्ला आणि लस दोन्ही मोफत असतात. गावात लसीकरणाचं पथक येतं तेव्हा, किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगून एरवीही बिल्ला मारून घेता येतो. डॉक्टर किंवा पशुधन पर्यवेक्षक दारात आल्यावर सगळी घाई होते. एका गल्लीत पन्नास दावणी उरकायच्या असतात. त्या घाईत विचारलेल्या प्रश्नांना घरातलं जे कुणी पुढे असेल ते उत्तर देतं आणि तीच नोंद वर्षानुवर्षं राहते. म्हणून आदल्या दिवशीच दोन गोष्टी पक्क्या करा.

पहिली गोष्ट म्हणजे नाव. आपल्या घरांतलं चित्र साधारण असं असतं: गोठा सासऱ्यांचा, दूध संकलन केंद्रावरचं खातं सुनेच्या नावावर, बँकेचं खातं मुलाचं. रोजच्या व्यवहारात काही अडत नाही. पण जानेवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान दिलं आणि त्यासाठी जनावराच्या टॅगची नोंद व आधारशी जोडलेलं बँक खातं अशी अट घातली, तेव्हा या तीन नावांचा मेळ बसेना. ऑक्टोबर २०२४ पासून अनुदान ७ रुपये झालं, अट तीच राहिली. अशी योजना पुन्हा कधी येईल हे कुणी सांगू शकत नाही, पण आली तर टॅगची अट असणारच. म्हणून ज्याच्या नावावर दूध जातं आणि ज्याच्या खात्यात दुधाचा पगार येतो, त्याच्याच नावावर जनावर नोंदवा. आधार कार्डावर नाव जसं आहे तसंच, टोपणनाव नको. दूध बाईंच्या नावावर असेल तर जनावरही बिनदिक्कत त्यांच्या नावावर करा. धारा त्याच काढतात, शेण त्याच भरतात, मग नोंद तेवढी दुसऱ्याची कशाला?

दुसरी गोष्ट मोबाइल नंबर. ॲपमध्ये शिरण्याचा सांकेतिक क्रमांक याच नंबरवर येतो. ‘डॉक्टर, तुमचाच टाका’ किंवा ‘डेअरीच्या चेअरमनचा टाका’ असं चुकूनही म्हणू नका. रिचार्ज संपला की बदलणारं सिमही नको. घरात जो नंबर सगळ्यांत जुना आणि कायम चालू आहे तो द्या.

याशिवाय प्रत्येक जनावराची माहिती एका कागदावर लिहून ठेवा. जात (खिलार, पंढरपुरी म्हैस, होल्स्टिन संकर, जर्सी संकर, गावठी), नर की मादी, वय, कितवं वेत, दुभती की भाकड, गाभण असेल तर भरवल्याची तारीख. जात लिहिताना मोठेपणा नको. खिलारचा अंश असलेल्या प्रत्येक पांढऱ्या बैलाला खिलार म्हणायची आपली रीत आहे. पण विमा उतरवताना किंवा विकताना नोंदीतली जात आणि उभं जनावर जुळलं नाही तर प्रश्न तुम्हालाच विचारले जातात.

दुसरी पायरी : प्रत्यक्ष बिल्ला मारताना

हे काम मिनिटभराचं आहे, पण जनावर झटकलं तर कान फाटतो. गरीब गाईला दोन माणसं पुरतात. खिलार खोंड असेल तर वेसण धरणारा ओळखीचा माणूसच हवा, शक्यतो रोज चारा टाकणारा. दवाखान्यात खोडा (जनावर अडकवून धरायची चौकट) असेल तर तिथेच घेऊन जा. शर्यतीच्या बैलांचे मालक कानाला हात लावू द्यायला नाखूश असतात, देखणेपणा जातो म्हणतात. देखणेपणाचा प्रश्न खरा आहे, पण बिनबिल्ल्याच्या बैलाला आता ना दाखला मिळतो ना बाजार, त्यामुळे ही हौस महाग पडते.

वेळ सकाळची, उन्हाच्या आधीची घ्या. ऐन पावसाळ्यात माश्या फार असतात, तेव्हा निवडीला वाव असेल तर उघडीप बघा. विण्याला आठवडा-दोन आठवडे राहिलेल्या गाई-म्हशीला त्या दिवशी झटापट नको, व्याल्यावर मारून घ्या असं स्वतःहून सांगा. आजारी जनावरालाही थांबवा.

कान पुसून घ्यावा. बिल्ला कानाच्या साधारण मध्यभागी, ठळक शिरा चुकवून आणि कूर्चेच्या दोन कडांच्या मधल्या मऊ भागात बसला पाहिजे. टोकाकडे मारला तर वेड्या बाभळीत किंवा गव्हाणीच्या फटीत अडकून कान चिरतो. अगदी बुडाशी मारला तर हवा लागत नाही आणि जखम चिघळते. प्रत्येक जनावरागणिक अवजाराची सुई जंतुनाशकात बुडवून घ्या, अशी विनंती करायला संकोचू नका. लम्पी या जनावरांच्या त्वचारोगाच्या साथीचा काळ आपण पाहिला आहे.

नंतरचे दहा-बारा दिवस रोज धारेच्या वेळी कान उलटून बघा. थोडी सूज आणि खपली ठीक. वास, पू, आळ्या किंवा सतत डोकं झटकणं दिसलं तर दवाखान्यात दाखवा. हळद-तेल लावलं तर हरकत नाही, पण आळ्या पडल्यावर त्यावर विसंबू नका. काहीही झालं तरी बिल्ला स्वतः कापून काढायचा नाही.

तिसरी पायरी : त्याच आठवड्यात नोंद तपासा

हीच पायरी सगळे वगळतात. बिल्ला मारणारा कर्मचारी मोबाइलवर तिथेच माहिती भरतो किंवा वहीत लिहून नंतर भरतो. वहीतून भरताना गडबड होते. दोन म्हशींचे क्रमांक अदलाबदल होतात, ‘मादी’चं ‘नर’ होतं, शेजाऱ्याचा मोबाइल तुमच्या नावापुढे चढतो.

बिल्ला बसला की लगेच प्रत्येक जनावराच्या बिल्ल्याच्या कानाचा जवळून फोटो काढा. बारा आकडे स्पष्ट वाचता यायला हवेत. मग पूर्ण जनावराचा बाजूने एक फोटो, बिल्ला दिसेल असा. आठवडाभराने ‘१९६२ फार्मर्स’ ॲपमध्ये आपला नंबर टाकून आपली जनावरं दिसतात का ते बघा. ॲप जमत नसेल तर कॉलेजात जाणाऱ्या पोराला पाच मिनिटं बसवा. तेही नसेल तर क्रमांक घेऊन दवाखान्यात जा आणि पडद्यावरची नोंद वाचून दाखवायला सांगा. तपासायचं एवढंच: नाव, नंबर, गाव, जात, लिंग, वय आणि लसीची तारीख. चूक त्याच आठवड्यात सांगितली तर कर्मचाऱ्यालाही जनावर आठवतं आणि दुरुस्ती सहज होते. दोन वर्षांनी गेलात तर तो कर्मचारी बदलून करमाळ्याला गेलेला असतो.

आणखी एक जुनी पण खात्रीची पद्धत. घरातल्या वहीत प्रत्येक जनावराचं एक पान करा. वर टॅग क्रमांक, खाली लस, भरवणं, विणं, आजार. पावसात फोन भिजतो, फुटतो. वही फळीवर राहते.

कृत्रिम रेतनाची नोंदही याच क्रमांकावर होते. भरवायला आलेल्या डॉक्टरला किंवा सेवादात्याला क्रमांक वाचून दाखवा आणि नोंद केली का ते विचारा. गाय साधारण २८० दिवसांनी आणि म्हैस ३१० दिवसांच्या आसपास विते, म्हणजे भरवल्याची तारीख पक्की असेल तर विण्याची तारीखही हातात असते. विकताना याचा कसा उपयोग होतो ते पुढे येतं.

चौथी पायरी : खरेदी आणि विक्री

सगळा खरा गुंता इथे आहे, म्हणून जरा सावकाश वाचा.

घेणाऱ्याने सौदा ठरण्याआधी, रुमालाखाली बोटांनी भाव करायला हात जाण्याआधी, क्रमांक वाचून फोटो काढावा आणि मालकाला ॲपवर नोंद दाखवायला सांगावं. ‘नेट नाही’ हे उत्तर बाजारात हमखास मिळतं. मग बाजारातल्या किंवा गावच्या पशुवैद्यकीय कर्मचाऱ्याला क्रमांक सांगून विचारा. नोंद समोर आली की जुनी विद्या आणि नवी नोंद एकमेकींना लावून बघा. दुदाती म्हणजे साधारण दोन-अडीच वर्षांचं, जुळलेलं म्हणजे साडेचार-पाच वर्षांच्या पुढचं. नोंदीत दीड वर्षाची कालवड आहे आणि तोंड उघडल्यावर सगळे दात जुळलेले आहेत, तर एक तर नोंद चुकली आहे किंवा बिल्ला दुसऱ्या जनावराचा आहे. दोन्ही बाबतींत खुलासा झाल्याशिवाय विसार (आगाऊ रक्कम) देऊ नका.

तसंच वेताचं. विकणारा म्हणतो दुसऱ्या वेताची, नोंदीत चार वेतं. विकणारा म्हणतो सात महिन्यांची गाभण, आणि रेतनाची शेवटची नोंद तीन महिन्यांपूर्वीची. गाय वळूने भरली असेल तर नोंद नसणं समजण्यासारखं आहे, तिथे डॉक्टरकडून गर्भतपासणी करून घ्या. लाळ्या-खुरकूताच्या लसीची तारीख मात्र जरूर बघा. सहा महिन्यांहून जुनी असेल तर बाहेरून आणलेलं जनावर थेट दावणीला बांधू नका, दोन-तीन आठवडे वेगळं ठेवा आणि लस टोचून घ्या.

सौदा झाल्यावर बाजार समितीची पावती होते. तिच्यावर दोघांची नावं असतात. बारा आकडी क्रमांक लिहिला आहे ना, ते तिथेच वाचून बघा. गावातला खासगी व्यवहार असेल तर साध्या कागदावर क्रमांक, वर्णन, रक्कम, तारीख, दोघांच्या सह्या आणि एक साक्षीदार लिहा, आणि ग्रामपंचायतीचा दाखला घ्या.

बहुतेक व्यवहार इथे थांबतात आणि इथेच चूक होते. पावती झाली म्हणून प्रणालीतली मालकी बदलत नाही. ती दवाखान्यातून बदलून घ्यावी लागते. पावती, दोघांचे मोबाइल नंबर, आधार आणि टॅग क्रमांक घेऊन जवळच्या दवाखान्यात जा आणि मालकी हस्तांतर करायला सांगा. घेणाऱ्याला याची गरज उघड आहे: उद्या भरपाई, विमा, अनुदान सगळं नोंदीतल्या मालकाला मिळणार. विकणाऱ्याला मात्र वाटतं, पैसे मोजून घेतले, आता माझा काय संबंध? संबंध राहतो. तुम्ही विकलेला बैल तीन महिन्यांनी हायवेवर मोकाट सापडला किंवा भरगच्च ट्रकमध्ये पकडला गेला, तर कानातला क्रमांक तुमच्याकडे बोट दाखवतो. म्हणून विकणाऱ्याने पावतीची प्रत आणि घेणाऱ्याचा नंबर जपून ठेवावा आणि हस्तांतर झाल्याची खात्री करावी.

मधे दलाल किंवा हेडी (जनावरांचा फिरता व्यापारी) असेल तर गुंता दुप्पट. तो शेतकऱ्याकडून घेतो, चार दिवसांनी दुसऱ्या बाजारात विकतो आणि नोंदीत मूळ शेतकरीच राहतो. हेड्याकडून घेताना त्याने ज्याच्याकडून घेतलं त्याचा कागद मागा. नसेल तर मूळ मालकाला तिथूनच फोन लावून द्यायला सांगा. चांगला हेडी हे हसत करतो. जो चिडतो त्याचं जनावर सोडून द्या, बाजारात दुसरी पुष्कळ उभी असतात.

अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, मंगळवेढ्याकडच्या लोकांचा अर्धा व्यवहार विजयपूर-कलबुर्गीकडचा. कर्नाटकातून आणलेल्या जनावराच्या कानात बिल्ला असेल तर तोच चालतो, क्रमांक देशभराचा आहे. इथे आणून दुसऱ्या कानात नवा बिल्ला मारून घेऊ नका. एका जनावराचे दोन क्रमांक झाले की लस एकावर, रेतन दुसऱ्यावर अशी फाटाफूट होते. सांगायचं ते फक्त मालकी आणि गाव बदलायला.

वाहतुकीसाठी डॉक्टरचं प्रवासयोग्यतेचं प्रमाणपत्र लागतं आणि साध्या मालट्रकमध्ये सहापेक्षा जास्त मोठी जनावरं भरता येत नाहीत, हा १९७८ च्या वाहतूक नियमांचा दंडक आहे. प्रमाणपत्र, पावती आणि कानातला क्रमांक या तिन्हींवर एकच आकडे असतील तर नाक्यावर फार बोलावं लागत नाही.

कार्तिकी वारीला वाखरीत किंवा सिद्धेश्वर यात्रेत सोलापुरात जनावर उभं करणार असाल तर कागदाची कामं गावात उरकूनच निघा. यात्रेच्या गर्दीत पशुवैद्यकीय पथकापुढची रांग संपत नाही.

बिल्ला पडला, तुटला किंवा आकडे पुसले तर

नवा बिल्ला मिळतो, पण नवी नोंद करायची नसते. दवाखान्यात जुना क्रमांक सांगा. प्रणालीत ‘टॅग बदल’ करून नवा क्रमांक जुन्या नोंदीला जोडता येतो आणि लस, वेत, रेतन असा सगळा इतिहास पुढे चालू राहतो. जुना क्रमांक सांगता आला नाही तर जनावर आज जन्मल्यासारखं नव्याने नोंदलं जातं. वहीचं पान आणि कानाचा फोटो इथे कामाला येतो. पडलेला बिल्ला सापडला तर सोबत न्या.

विमा उतरवला असेल तर नवा क्रमांक विमा कंपनीला लेखी कळवा आणि पोच घ्या. पॉलिसीवर एक क्रमांक आणि कानात दुसरा, या एका कारणावर दावा फेटाळला जाऊ शकतो. बँकेने पशुपालनासाठी कर्ज देताना जनावराचा क्रमांक घेतला असेल तर बँकेलाही कळवा.

जनावर दगावलं तर, आणि भरपाईचं

शोकाच्या वेळी कागद सुचत नाहीत, म्हणून क्रम आधीच माहीत असलेला बरा. शव हलवण्याआधी फोटो: पूर्ण शव, जागा आणि कानातला बिल्ला जवळून. मग तलाठी (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी), ग्रामपंचायत आणि पशुवैद्यकीय दवाखाना यांना त्याच दिवशी फोन. पंचनामा महसूलचा माणूस करतो, शवविच्छेदन डॉक्टर करतात. दोन्ही कागदांवर टॅग क्रमांक लिहिलाय का ते सही करण्याआधी वाचा. विजेच्या तारेने गेलं असेल तर महावितरणला आणि बिबट्या-लांडग्याने मारलं असेल तर वन विभागालाही लगेच कळवावं लागतं. वन विभागाच्या बाबतीत ते येईपर्यंत शव जागचं हलवू नका.

रक्कम किती? २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या आपत्ती निवारणाच्या निकषांनुसार दुभत्या गाई-म्हशीला ३७,५०० रुपये, ओढकामाच्या बैलाला ३२,०००, वासराला २०,००० आणि शेळी-मेंढीला ४,००० रुपये असे दर ठरले होते. २०२२ च्या लम्पीत राज्याने वेगळे दर ठरवले होते: गाईला ३०,०००, बैलाला २५,०००, वासराला १६,०००.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला तेव्हा माढा, मोहोळ, करमाळा, उत्तर सोलापूरच्या काठावरच्या गोठ्यांत पाणी शिरलं. वाहून गेलेल्या जनावराचं शव हाती लागत नाही. मग ना शवविच्छेदन होतं ना कानाचा फोटो. अशा वेळी तुमच्या गोठ्यात ते जनावर होतं याचा भक्कम पुरावा म्हणजे तुमच्या नावावरची ताजी नोंद. काठावरच्या गावांनी नोंद अद्ययावत करण्याचं काम पावसाळ्याच्या तोंडावर दरवर्षी करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

कागद झाले की विल्हेवाट. किमान सहा फूट खोल खड्डा, विहीर-ओढ्यापासून लांब, शवावर चुना आणि वर माती. गावाच्या कचरा टाकण्याच्या जागेवर किंवा ओढ्यात शव टाकू नका, भटकी कुत्री ते वस्तीपर्यंत आणतात. मग दवाखान्यात सांगून प्रणालीत मृत्यूची नोंद करून घ्या. गेलेल्या जनावराचा बिल्ला दुसऱ्याच्या कानात बसवणं ही फसवणूक आहे. विम्याच्या लोभाने कुणी तसं सुचवलं तरी त्या वाटेला जाऊ नका.

वासरं, शेळ्या, मेंढ्या

वासराला लाळ्या-खुरकूताची पहिली लस चौथ्या महिन्यात आणि बूस्टर (पुढची मात्रा) त्यानंतर महिन्याने. कालवड आणि वगार (म्हशीचं मादी वासरू) चार ते आठ महिन्यांची असताना ब्रुसेलोसिसची लस आयुष्यात एकदाच. हा काळ हुकला की पुन्हा देत नाहीत. बिल्लाही याच सुमारास मारून घ्या आणि वासराच्या नोंदीत आईचा क्रमांक लिहायला सांगा. चांगल्या दुधाच्या गाईची कालवड विकताना ही एक ओळ भाव वाढवते.

शेळ्या-मेंढ्यांचं काम किचकट आहे. सांगोला, मंगळवेढ्याकडचे मेंढपाळ निम्मं वर्ष कळप घेऊन फिरतीवर असतात आणि लसीकरणाचं पथक नेमकं तेव्हाच गावात येतं. त्यांनी घर सोडण्याआधी कळप एकगठ्ठा करून घ्यावा, कारण दोनशे मेंढरांच्या नोंदी माळावर होत नाहीत. बोकडाचा कान लहान आणि पातळ, त्यामुळे बिल्ला फाटून पडण्याचं प्रमाण जास्त. क्रमांकांची यादी कळपाच्या मालकाकडे आणि गावातल्या घरी, अशी दोन ठिकाणी ठेवा.

काम अडलं तर

आजारी जनावरासाठी आणि फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा क्रमांक आहे. नोंदीच्या दुरुस्तीसाठी मात्र आधी आपल्या भागातला दवाखाना, तिथे काम झालं नाही तर तालुक्याच्या पंचायत समितीतला पशुसंवर्धन विभाग आणि त्यावर सोलापूर जिल्हा परिषदेचा पशुसंवर्धन विभाग. तोंडी सांगून आलात तर काहीच शिल्लक राहत नाही. साध्या कागदावर टॅग क्रमांक, काय चुकलंय, काय हवंय एवढं लिहा, कानाचा फोटो आणि आधारची प्रत जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. पंधरा दिवसांनी त्याच प्रतीसह पुन्हा जा. तरीही हललं नाही तर ‘आपले सरकार’ पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि शिक्क्याच्या प्रतीचा फोटो तिथे जोडा. बाजाराचा वार टाळून गेलात तर दवाखान्यात गर्दी कमी असते आणि पडद्यासमोर बसायला कर्मचाऱ्याला वेळही असतो.